नाकेदार पडले ती जागा

आमचे नाकेदार पडलेल्या माणसाला हात देत नसत. आधी ते पोट धरून हसत. मग आजूबाजूला बघून जागा नीट पारखत: कुठलं झाड, कुठला गोटा, पाय नेमका कुठून सुटला. मग त्या जागेचं नाव ठरवत. हे सगळं यथासांग पार पडेपर्यंत खाली बसलेल्या माणसाला जन्माची लाज वाटू लागलेली असे, तेव्हा म्हणत, "उठा आता, कायले बसून राहिले?"

फॉरेस्ट गार्डला आमच्याकडे नाकेदार म्हणतात. आमचे नाकेदार रिटायर होऊन बरीच वर्षं झाली होती, तरी चिचगडात नाकेदार म्हटलं की तेच. त्यांच्या जागी आलेल्याचे केस पांढरे व्हायला लागले तरी तो ‘नवीन नाकेदार’च राहिला. खरं नाव पेन्शनच्या कागदांवर होतं आणि ते तिथंच राहिलं. गाव खोलगट जागेत, भोवती पहाड्या आणि पहाड्यांच्या पलीकडे एकेक टोला, म्हणजे छोटी वस्ती. डांबरी रस्त्यानं टोल्यावर जायचं तर भलामोठा वळसा पडतो, पायवाटेनं चढून उतरलं की तासाभरात पोचता येतं. या सगळ्या पायवाटा ज्यांच्या डोक्यात होत्या ते नाकेदार, आणि वाटेवरचं प्रत्येक नाव कुणाच्या तरी फजितीतून आलेलं.

पूर्वेच्या चढाला सुरुवात होते तिथं तलाठ्याची घसरगुंडी. तिच्या वर जावयाची उडी. एक नवा जावई सासऱ्याबरोबर मोह वेचायला गेला आणि धामण बघून उडाला तो थेट सासऱ्याच्या खांद्यावर. नाव द्यायचे नियम दोनच होते. पडणं खरं असलं पाहिजे आणि बघणाऱ्याला हसू आलं पाहिजे. कुणाला लागलं, हाड मोडलं, तर त्या जागेला नाव मिळत नसे. "दुखन्याले नाव नाई देत आपन," असं ते म्हणत, आणि या बाबतीत कुणाची भीडभाड ठेवत नसत.

खिंडीजवळ एक सरपंच पांढऱ्या स्वच्छ कपड्यांत, मागे वीसेक माणसं असताना, साष्टांग आडवे झाले होते. आठ दिवसांत त्या जागेचं सरपंचाचं लोटांगण झालं. सरपंचांनी नाव बदला म्हणून नाकेदारांकडे कोंबडा पाठवला. नाकेदारांनी कोंबडा रांधला, शेजारीपाजारी रस्सा वाटला आणि नाव तसंच ठेवलं. पुढच्या निवडणुकीत सरपंच पडले, तेव्हा मात्र यांनी कुणीही न सांगता दुरुस्ती केली आणि गावभर सांगत सुटले की यापुढं माजी सरपंचाचं लोटांगण म्हणायचं. लोकांना चुकीची माहिती गेलेली त्यांना खपत नसे.

मी तिथं गुरांची डॉक्टर म्हणून गेले. मी आमगावची, धानाच्या बांध्यांत वाढलेली. धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, न पडता चालता येतं म्हणजे पहाडी चढता येते, असा माझा समज होता. पहिल्याच फेरीत बकऱ्यांच्या लसींचा बर्फाचा डबा खांद्याला लावून नाकेदारांच्या मागोमाग निघाले आणि पलीकडच्या उतारावर बसले. नुसती बसले नाही, बसल्या बसल्या दहा-बारा फूट खाली गेले, मांडीवर डबा घट्ट धरून. नाकेदारांनी दुपट्ट्यानं डोळे पुसले आणि विचारलं की डब्याला काही झालं नाही ना. त्या दिवसापासून ती जागा डॉक्टरीणबाईची बैठक.

पंधरा दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. मग एका टोल्यावरून फोन आला. बकरी अडली होती, आणि बोलणाऱ्याला मी कोण हे माहीत नव्हतं. त्याला वाटलं दवाखान्यात नवीन कुणी रुजू झालंय. त्यानं मला रस्ता सांगितला, "बैठकीपासून डाव्या हाताले वळा. कोनालेबी इचारा, डॉक्टरीनबाईची बैठक. मोठी मशहूर जागा हाये." मी निमूटपणे माझ्याच बैठकीपासून डावीकडे वळले. बकरी सुटली, दोन पिल्लं झाली, आणि परतताना मी नाकेदारांच्या अंगणात जाऊन चहा मागितला. काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, मला सांगितलं की हा माणूस रोज रस्त्याकडे बघून विचारत होता, बाई अजून रुसूनच हाये का.

ते स्वतः कधीच पडले नव्हते. पायात रबरी चप्पल, हातात काठी नाही, आणि चाल अशी की पाचोळासुद्धा वाजू नये. कुणी गुपित विचारलं तर सांगत, "पहाडी पायाले नाई पाडत, घाईले पाडते." हे ऐकायला छान होतं, पण त्यातच त्यांचं दुखणं होतं. ते मला कळलं गोंदियाहून मोटारसायकलींवर पोरं आली तेव्हा. त्यांना सगळ्या वाटा मोबाइलच्या नकाशावर टाकायच्या होत्या. नाकेदारांनी दोन दिवस त्यांना फिरवलं, एकेक नाव सांगितलं, आणि पोरं हसत हसत लिहून घेत राहिली. दुसऱ्या दिवशी मीही सोबत होते; शेवटी त्यांतल्या एकानं विचारलं, "काका, आपके नाम का पॉइंट कौन सा है?"

"हमारा नहीं है," नाकेदार म्हणाले. "हम गिरे नहीं." दहावी नापास माणूस पाहुण्यांसमोर शिक्षणाबद्दल सांगतो, तसं त्यांनी ते सांगितलं.

परतताना ते माझ्यापुढे चालत होते. मूलबाळ नव्हतं त्यांना. मागे कुणी नाव घेईल अशी आशा होती ती या पहाडीकडूनच, आणि तिथं नियम त्यांचेच. "सगळ्याईच्या नावानं जागा हाये, बाई," ते अखेर म्हणाले. "माहे पाय झिजले इथं, अन् माह्या नावानं एक गोटा नाई." मला वाईट वाटलं आणि मी मूर्खासारखा उपाय सुचवला: खोटं पडा, मी हसते, कोणाला कळतंय. ते जागीच थांबले. लबाडीनं पडलेलं पहाडीला समजतं, एवढं बोलले आणि दोन दिवस माझ्याशी अबोला धरला.

त्यानंतर त्यांनी प्रामाणिकपणे पडायचे प्रयत्न केले. भर श्रावणात, जिथं बकऱ्यासुद्धा जपून पाय टाकतात त्या शेवाळलेल्या खडकावरून ते तीनदा चढले-उतरले आणि तिन्ही वेळा सुखरूप, हिरमुसून घरी आले. काकूंना बातमी लागली तेव्हा त्यांनी चुलीतलं लाकूड उचलून बजावलं की पडायचंच असेल तर इथं अंगणात मी पाडते.

माझी बदली तिरोड्याकडे झाली. शेवटची लसीकरणाची फेरी होती. नाकेदार म्हणाले, येतो सोबत. त्या वर्षी ते बारीक झाले होते, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत होता आणि ऑपरेशनची गोष्ट काढली की ते बैलांची चौकशी करत. उतरताना सगळ्या अवघड जागा मागे पडल्या. गाव दिसू लागलं. साजाच्या एका झाडाखाली वाट अगदी सपाट होते, तिथं पाचोळ्यात एक मूळ होतं. त्यांना ते दिसलं नाही. ते कुशीवर पडले, काहीही धरायचा प्रयत्न न करता, म्हातारी माणसं पडतात तसे.

मी डबा टाकून धावले. ते उठून बसले होते आणि उजवा हात दुपट्ट्याखाली घेतला होता.

"पाह्यलं ना तुमी?"

मी म्हटलं, काकाजी, हात दाखवा. कुठं लागलं?

"नाई लागलं. काईच नाई लागलं. हासा."

हात मनगटाशी सुजू लागला होता. दुपट्टा पांघरला तरी डॉक्टरला दिसायचं ते दिसतं, मग ती गुरांची का असेना. मी हात दिसला असं म्हटलं असतं, तर त्यांच्याच नियमानं जागा गेली असती. मी हसायला तोंड उघडलं आणि रडू यायला लागलं. त्यांनी ते पाहिलं आणि चक्क वैतागले.

"बकरीले सुई टोचतानीबी एवढं तोंड नाई करत तुमी."

तेव्हा मात्र मला खरोखर हसू फुटलं. नाकातून पाणी येईपर्यंत हसले. नाकेदारांनी समाधानानं झाडाकडे पाहिलं, मुळाकडे पाहिलं, आणि मला म्हणाले की बघणाऱ्यानंच नाव सांगावं. मी विश्रांती वगैरे काहीतरी गोड सुचवलं. त्यांनी ते झिडकारलं; पडलो आहे, झोपलो नाही, म्हणाले. शेवटी त्यांनीच ठरवलं, नाकेदार पडला ती जागा, आणि त्यात एक शब्द कमी-जास्त करायचा नाही.

गावात शिरल्यावर चहाच्या टपरीवर, किराण्याच्या दुकानात, चावडीसमोर त्यांनी स्वतः सांगितलं की मी पडलो, बाईनं पाह्यलं, हासली. लोकांना पटेना, म्हणून प्रत्येक ठिकाणी मला साक्ष द्यावी लागली. काही लागलं का, असं लोक विचारत, आणि मी नाही म्हणत होते. सरकारी नोकरीत मी इतकं शांतपणे खोटं कधी बोलले नव्हते. घरी काकूंनी काही न विचारता हळद गरम केली आणि दुपट्टा बाजूला सारला. हे कुठं पडले, असं त्यांनी मला विचारलं. मी सांगितलं. त्या हळद लावत राहिल्या, हसल्या नाहीत. एवढ्या सपाट जागी पडलेला माणूस आता पहाडीवर जाणार नाही, हे त्यांना माझ्या आधी कळलं असावं.

ते गेलेही नाहीत. दोन वर्षांनी, गेल्या हिवाळ्यात, ते वारले. मला दोन दिवस उशिरा कळलं आणि वेळेवर पोचता आलं नाही, याचं दुःख अजून आहे.

महिन्याभरानं काकूंचा फोन आला. साजाची झाडं तिथं पुष्कळ, नेमकं कोणतं, असं त्यांनी विचारून घेतलं. त्या उभ्या आयुष्यात पहाडी चढल्या नव्हत्या. घरात एक वेडा पुरे, असं म्हणायच्या. चार दिवसांनी पुन्हा फोन.

"जाऊन आली मी, बाई. बसली तिथं. एवढा मोठा नाकेदार, अन् पडला कुठं तं लेकरूबी पडत नाई तिथं." त्या म्हणाल्या, "मले गजब हासू आलं."

मग फोनवर आम्ही दोघी हसत राहिलो. बराच वेळ कुणालाच फोन ठेववेना.