सडा आणि भाचीचं वजन

नागपुरात राहणाऱ्या माझ्या ताईची वर्षाची मुलगी पोटभर खायची, पण वाढत नव्हती. घरातली पहिली पदवीधर मी, म्हणून ताईने मलाच विचारलं, “खाते तं सारं, मंग अंगाले काहून लागत नाही वं?”

सारखं पोट बिघडलं की खाल्लेलं आतड्यात शोषलं जात नाही, हे शिकले होते. भाचीचं पोट तर सारखंच बिघडायचं, पण कशाने? एका सकाळी मी अंगणात नुसती बघत बसले. ताईने शेणाचा सडा टाकला आणि ओल्यातच लेकीला खेळायला सोडलं. ती बोटं चोखू लागली.

“ताई, सडा नको टाकू.”

“मंग लक्ष्मी काय तुह्या कॉलेजातून येईन?”

अखेर सडा लक्ष्मीच्या वाटेवर, फाटकाबाहेर गेला, लेक धुतलेल्या चटईवर आली. काही आठवड्यांनी अंगणवाडीत काटा थोडा पुढे सरकला. ताईने तिला उतरवून पुन्हा ठेवून पाहिलं.