हमीदचाचांचा मोर्स

परवा मुलीने हेडफोनची तुटलेली वायर सोल्डर केली आणि त्या उग्र वासासरशी मी नव्वदच्या दशकातल्या कोपरखैरण्याच्या आमच्या फ्लॅटमध्ये जाऊन पोहोचले.

हॅम रेडिओच्या, म्हणजे हौशी बिनतारी संदेशांच्या, लायसन्ससाठी मी तेव्हा टिंब-रेघांचा मोर्स कोड शिकत होते. एकदा नापासही झाले होते. "आता पुरे की," नवरा म्हणायचा, पण मी हट्टालाच पेटले होते. शेजारचे हमीदचाचा जहाजावरून रिटायर झालेले रेडिओ ऑफिसर. मी स्वतः सोल्डर करून जोडलेल्या बझरवर ते रोज दुपारी अक्षरं वाजवायचे. मी टिंबं मोजत लिहायची आणि मागे पडायची.

"मोजू नको गो, नुसतं ऐक," ते म्हणायचे.

एके दुपारी चाचांनी बझर वाजवला, तशी मी उठले आणि आतून पाण्याचा पेला आणून त्यांच्यापुढे धरला. चाचा पेला न घेता हसत राहिले.

"मी तोंडाने कुठे पाणी मागितलं?"

मी वहीकडे पाहिलं. पान कोरं होतं.

"जा, भर परीक्षेचा फॉर्म," ते म्हणाले.

पुढे मी पास झाले. तेव्हा वाटायचं, मोर्स परीक्षेत आला. आज कळतं, तो त्या दुपारीच आला होता.