मरताना एकोणीसपर्यंत

माझे भावोजी एव्हारिस्तो सिनेमे काढायचे आणि त्यांतली गाणीही स्वतःच लिहायचे. त्यांचं गाजलं ते एकच गाणं. त्यात नुसते आकडे आहेत, एक ते एकोणीस. बाकी सगळ्या गाण्यांत चंद्र. माझी बहीण निवेसताई त्यांना म्हणायची, "अहो, अमावस्येला तरी सुट्टी द्या त्याला!"

पाच सिनेमे सपशेल आपटले. सहाव्याच्या वेळी आमच्या बाबांनी दम भरला, "जावईबापू, हाही पडला तर सोमवारपासून मुकाट्यानं माझ्या खाटकाच्या दुकानात वजडी धुवायची!" वजडीच्या वासानं भावोजींना घेरी यायची. बिचारे! सिनेमा सोडून त्यांना काहीच येत नव्हतं, आणि सिनेमा येत होता असंही छातीठोकपणे सांगवत नाही.

बाबांना खूश ठेवायला त्यांनी मरणाऱ्या सरदाराचं काम बाबांनाच दिलं.

"मरताना बोलू काय?"

"आकडे म्हणा, बाबा. ओठ हलले की झालं. आवाज नंतर भरतात."

रोममध्ये सगळेच सिनेमावाले असं करतात. पण बाबांनी जीव ओतला हो! 'सात'ला मुलाला माफ केलं, 'तेरा'ला हुंदका दिला, 'एकोणीस'ला प्राण सोडला. दिवे धरणारे गडीसुद्धा रडले. पुढे आवाज भरला भलत्याच नटानं. ते बाबांना सांगायची कुणाची छाती झाली नाही.

शनिवारी पहिल्या खेळाला आमची अख्खी तेस्ताच्चो पेठ लोटली. पडद्यावर बाबांचे ओठ हलले आणि नाजूक आवाज आला, "पुत्रा, चंद्र मावळला..."

बाबा ताडकन उठले. "चोरांनो! मी असलं काही म्हणालोच नव्हतो!" आणि जागेवरूनच गरजले, "एक! दोन! तीन!"

तेराला सगळं थिएटर त्यांच्याबरोबर सुरात मोजत होतं. एकोणीसला शिट्ट्या, टाळ्या, हसून हसून लोकांची मुरकुंडी. भावोजी डोक्यावर कोट ओढून बसले होते. त्यांचा शोकपट मेला होता.

सोमवारी ते खाली मान घालून दुकानात आले, एप्रन बांधला. दुकानात ही गर्दी! जो तो बाबांना विचारत होता, "रिगेत्तो, आज संध्याकाळी मरायला येणार ना? आम्ही तिकिटं काढलीत!"

बाबांनी भावोजींचा एप्रन खसकन ओढला. "सोडा तो! तुम्ही वजडी धुतलीत तर सिनेमे कोण काढणार?"

भावोजींना रडूच फुटलं. बाबांनी घसा खाकरला.

"पण पुढच्यात मला शंभरपर्यंत पाहिजे. एकोणिसात कुठं माणूस मरतो होय!"