रकान्यातून निघालेलं वासरू

गुरुलिंगअप्पांना उदगीर तालुक्यातला प्रत्येक वळू ओळखता यायचा. माणसांच्या बाबतीत मात्र त्यांचा थोडा घोळ होई. एका लग्नात त्यांनी सख्ख्या साडूला "आपण कुठले?" म्हणून विचारलं होतं. साडूनं चिडून गावाचं नाव सांगितलं, तेव्हा अप्पांचा चेहरा उजळला. "हां! म्हंजे त्या पांढऱ्या वळूच्या गावचे!"

अप्पा आमच्याकडच्या एका पशुपैदास केंद्रावर परिचर होते. केंद्र म्हणजे तीन खोल्या, एक लिंबाचं झाड आणि एक पिंप. पिंपात वाफाळणारा द्रवरूप नत्र, त्यात बुडवलेले डबे, आणि डब्यांत वळूंच्या रेताच्या काडीएवढ्या बारीक कांड्या. त्या थंडीत बीज वर्षानुवर्षं टिकायचं. काही वळू हयात होते, काही कधीच मातीत गेले होते. पिंपाला त्याचं सुतक नव्हतं.

कोणत्या डब्यात कोणाचं बीज, हे लिहायला एक वही होती आणि ती अप्पांनी स्वतःच्या शास्त्राप्रमाणे भरली होती. 'सिद्रामप्पाचा'. 'मळ्यातला'. 'मारका'. 'मारक्याचा भाऊ'. जात, जन्मसाल, तारीख यांचा पत्ता नाही. कुणी विचारलंच, तर अप्पा कपाळावर बोट टेकवत. "समदं हितं हाय."

मग लातूर जिल्हा वेगळा झाला. फटाके वाजले, पेढे वाटले गेले, आणि पाऊस मात्र त्याच साली बेपत्ता झाला. जिल्ह्याबरोबर नवे साहेब आले, डॉक्टर हणमंतराव; आणि साहेबांबरोबर छापील कार्डांचा गठ्ठा. एका वळूला एक कार्ड. वर नंबर, खाली आठ रकाने. सगळ्या केंद्रांनी एकाच रीतीनं लिहायचं, म्हणजे उदगीरची कांडी निलंग्याला गेली तरी ती कुणाची आहे हे तिथल्या माणसाला अप्पांना न विचारता कळावं. अप्पांना नेमकं तेच झोंबलं.

"अप्पा," साहेब म्हणाले, "माहीत नसेल तिथं सरळ 'माहीत नाही' लिहा. अंदाज लिहू नका."

"साहेब, मला म्हाईत नसल्याला वळू अजून जलमायचाय."

कार्डं भराभर भरत गेली. अडलं ते शेवटी उरलेल्या दोन डब्यांशी. वहीत तीन नंबरपुढे लिहिलं होतं 'सिद्रामप्पाचा', आणि पाच नंबरपुढेही 'सिद्रामप्पाचा'. सिद्रामप्पाकडे वळू दोन होते: एक अस्सल देवणी, एक सरकारी योजनेतला जर्सी. कांड्यांवरची शाई केव्हाच उडालेली. सिद्रामप्पा लेकीकडे बिदरच्या बाजूला राहायला गेलेला. एसटीनं जाऊन यायला एक दिवस. पण जायचं म्हणजे विचारायचं, आणि विचारायचं म्हणजे कपाळावरचं बोट काढायचं! अप्पांनी छताकडे पाहिलं, कपाळावर दोनदा टिचकी मारली. आतून काही आवाज आला नाही. मग त्यांनी लिहिलं: तीन नंबर देवणी, पाच नंबर जर्सी. अक्षर मात्र सुरेख आलं.

संक्रांतीच्या आसपास पंचशीला आपली गाय घेऊन केंद्रावर आली. नवरा नांदेडला गिरणीत, ही रोजगार हमीवर खडी फोडायला. घरात मोलाची वस्तू एकच, ती ही देवणी गाय. बापानं लग्नात कालवड दिली होती, तिची ही गाय झाली. साहेबांच्या निवडक देवणींच्या यादीत तिचं नाव होतं. यादीतल्या गायींना दुष्काळात केंद्रातर्फे चारा मिळायचा, म्हणजे आठवड्याला कडब्याच्या दहा पेंढ्या.

"अप्पा, चांगलं बघून द्या बरं."

"सिद्रामप्पाचा वळू हाय. डोळे झाकून ने."

अप्पांनी तीन नंबरची कांडी काढली.

दसऱ्याला गाय व्याली. वासरू गुळाच्या ढेपेसारखं तांबूस. कान देवणीसारखे लोंबणारे नाहीत, चांगले टवकारलेले. जणू गावात आपल्याबद्दल काय बोलतात ते त्याला ऐकायचं होतं. अप्पा बघायला गेले आणि त्यांनी वासराचा एक कान खाली दाबून पाहिला; सोडताच तो पुन्हा उभा राहिला. पण तोंडानं म्हणाले, "देवणीत बी कवा कवा रंग असा निघतो. मोठं झालं की पांढरं पडतंय."

महिन्याभरानं साहेब वासराची नोंद घ्यायला आले. तोवर ते आणखीच तांबडं झालं होतं. "अप्पा, हे काय?" साहेबांनी विचारलं. चाऱ्याच्या रांगेत पन्नास माणसं उभी. अप्पांनी एकदा कार्डाकडे पाहिलं, एकदा माणसांकडे, आणि त्यांच्या तोंडून निघून गेलं,

"साहेब, कांडी दिली त्या पंधरवड्यात गाय गुरांच्या छावणीत होती. तिथं लागली आसंल बाहेरच्या वळूला."

साहेबांनी मान हलवली आणि यादीतलं नाव खोडलं. गाय राखणीतली नसेल, तर तिची नोंद काय कामाची?

रांग हसली. "छावणीत काय काय करून राहिली व्हती गाय, कुणाला ठावं!" कुणीतरी म्हणालं. दुसऱ्यानं भर घातली, "मालकीण तरी कुठं ध्यान देती? मालक नांदेडला." आणि हसणं गायीवरून मालकिणीवर कधी सरकलं, ते हसणाऱ्यांनाही कळलं नाही. पंचशीलाला कळलं. ती रिकाम्या हातानं निघाली, आणि जाताना अप्पांपुढे थांबली.

"छावणीत पंधरा दिवस दावं मनगटाला बांधून बसले व्हते मी, अप्पा. वळ अजून गेले न्हाईत."

अप्पांना त्या दिवशी भाकरी गेली नाही. बायको महानंदा ताट उचलत म्हणाली, "बिनतोंडाच्या गायीवर घातलंत. उद्या पिठलं खारट झालं तर माज्यावर घालाल."

"पिठलं तू करतीस."

"आन् कांडी कुणी दिली?"

दुसऱ्या दिवशी अप्पा बिदरच्या एसटीत बसले.

"बर्री, कूडरी!" असं कानडीत 'या, बसा' म्हणून सिद्रामप्पानं बाज पुढे केली. प्रश्न ऐकून त्यानं क्षणभरही विचार केला नाही. "तीनात? जर्सी की. देवणीचा पाय सुजला व्हता म्हनून त्याचं चार दिसांनी घेतलं, ते पाचात. तूच तर व्हतास."

"हाव," अप्पा म्हणाले. "मीच व्हतो."

"येवढंच इचारायला आलास? मग गेल्या सालीच यायचं. तवा हिकडं हिरीच्या पान्यावर ज्वारी व्हती, हुरडा तरी खाल्ला असता."

परतल्यावर अप्पांनी स्वतःच्या घरच्या पेंढ्यांतल्या दहा बांधल्या आणि पंचशीलाच्या दारात नेऊन टाकल्या. मान खाली घालून सगळं सांगितलं. ती ऐकत होती आणि वासरू अप्पांचं धोतर चघळत होतं.

"पेंढ्या उचला, अप्पा."

"आगं, गायीसाठी..."

"माजं नाव रांगेत गेलंय. दारात कसं परत घेऊ? जे बोलायचं ते रांगेत बोला."

पुढच्या सोमवारी चाऱ्याची रांग लागली. अप्पा धुतलेली टोपी घालून आले आणि साहेबांच्या टेबलाजवळ उभे राहिले. बावीस वर्षं त्या आवारात ते मोठ्यानं बोलत आले होते. त्या दिवशी आवाज कुठं ठेवलाय तेच त्यांना सापडेना.

"गाय कुठं गेली नव्हती," ते म्हणाले. "दावं सुटलं नव्हतं. डबा मी चुकलो. मला ठावं नव्हतं, तरी कार्डावर लिवलं. आन् मग..." टोपी काढून त्यांनी हातात घेतली. "मग माजी चूक गायीवर घातली. पंचशीलाबाईवर घातली."

मग मागून एक म्हातारा म्हणाला, "तर मग वासरू कुणाचं, गुरुलिंगा?"

"सिद्रामप्पाचं," अप्पा सवयीनं म्हणाले, आणि रांग फुटली. या खेपेला हसणं अप्पांवर होतं. ते त्यांनी उभं राहून घेतलं. पंचशीला हसली नाही. साहेबांनी खोडलेलं नाव पुन्हा लिहिलं, तेव्हा तिनं जमिनीवर पोतं पसरलं आणि दहा पेंढ्या मोजून घेतल्या.

साहेबांनी दोन्ही डबे बाजूला काढले. तीन नंबरच्या आणखी दोन गायी गाभण होत्या. त्यांच्या मालकांच्या दारात अप्पा स्वतः जाऊन आले. एकानं चहा दिला, एकानं दिला नाही. मग जुनी सगळी कार्डं पुन्हा भरली गेली. त्यांतल्या अकरा कार्डांवर अप्पांच्या सुरेख अक्षरात 'माहीत नाही' असं आहे.

पंचशीलानं वासराचं नाव अंदाज्या ठेवलं. अप्पा रस्त्यानं जाताना ती मुद्दाम हाक मारायची, "अंदाज्या, हल! साहेब येऊन राहिले!" अप्पा मान खाली घालून पुढे जायचे.

अंदाज्या बैल झाला. ताकदीचा होता, पण त्याला वशिंड नावापुरतंच होतं, त्यामुळे मानेवरचं जू घसरायचं. म्हणून दर पेरणीच्या आधी अप्पा जुन्या धोतराची जाड गादी शिवून घेऊन यायचे. आले की खिशातून दोरी काढून त्याची मान मोजायचे.

"गेल्या सालचंच माप हाय की," पंचशीला म्हणायची.

"आसंल," अप्पा म्हणायचे. "पर मोजून घेऊ."