मला अगो म्हण

धाकट्या बहिणीला गोवर आला तेव्हा मी १९३५च्या उन्हाळी सुट्टीत रत्नागिरीला घरी होतो. आमचं घर मासेमारीचं. कॉलेजात गेलेला त्यातला पहिला मीच. दाराला कडुनिंबाचा डहाळा लागला, घरात मासळी शिजायची थांबली. गोवर म्हणजे अंगात देवी, म्हणून आई एरवीचं 'अगो' सोडून बहिणीशी आदरानं बोलू लागली. "माउली, पाणी घ्या." बहिणीला गंमत वाटे. "मग माउली सांगते, बांगडा भाजा!"

पुरळ मावळत आलं, पण ताप हटेना. बाबांनी दवाखान्यातून तापाच्या पुड्या आणल्या.

"देवी घरात असताना औषध?" आई म्हणाली. बाबांनी ऐकलं नाही.

काही दिवसांतच बहिणीचे ओठ फुटले, डोळे चिकटले, अंगभर फोड आले. कूस बदलायला हात लावला की कातडी हाताबरोबर सुटून येई. तिला तेल लावलेल्या केळीच्या पानांवर निजवली. डॉक्टर आले. "पुड्या आधी बंद करा. भाजलेल्या माणसासारखं जपा. जगली तरी डोळ्यांचं मी सांगू शकत नाही."

शेजारची काकी दारातूनच म्हणाली, "कोपली ती. पाजलात ना औषध!"

आई पानांशेजारी हात जोडून बसली. "माउली, चुकलं आमचं. शांत व्हा."

"आये," बहीण कशीबशी बोलली, "मी माउली नाय गो. मीच हाय. मला अगो म्हण."

आईनं माझ्याकडे पाहिलं. "तू शिकलास ना? सांग, म्हणू काय? आणखी कोपली तर?"

मला खरंच काही ठाऊक नव्हतं. तरी म्हणालो, "म्हण."

"अगो," आई म्हणाली, आणि तिनं जोडलेले हात सोडले.

नंतर कॉलेजात भीत भीत मी जीवशास्त्राच्या प्राध्यापकांना विचारलं, हे गोवरानं झालं की पुड्यांनी? ते म्हणाले, दोन्ही मिळूनही होत असेल; गोवराचं विष सूक्ष्मदर्शकातही दिसत नाही, तेव्हा कोण खात्रीनं सांगणार? मी घरी तसंच सांगितलं. बाबा जाळ्याची गाठ सोडवत राहिले. ती गाठ कधीच सुटली होती.

बहिणीला नवी कातडी आली, डागांची. दृष्टी परत आली नाही. आई अजून खोलीत शिरण्याआधी उंबऱ्यावरूनच "अगो" म्हणते, आणि बहीण आवाजाच्या दिशेनं तोंड वळवते.