पाबे घाटात बंद पडलेली नवी गाडी

उकळलेल्या इंजिनाचा गोडसर, जळका वास आला की अजून माझं डोकं फिरतं. त्या सकाळी आम्ही वेल्ह्याहून पुण्याला निघालो होतो. ताईची पोलीस भरतीची धाव होती आणि वयाच्या अटीमुळं ती तिची शेवटची संधी होती. गाडी नवी होती, ताईच चालवत होती. पाबे घाटात बॉनेटमधून वाफ आली आणि गाडी जागीच थांबली. मागून आलेल्या एका टेम्पोनं मैदानावर पोचेस्तोवर फाटक बंद झालं होतं. पुढं शोरूमचा साहेब वडलांना म्हणाला, "गाडीत दोष नाही. बाईमाणसाला घाट चढवता येत नाही." "माजी लेक टेम्पो चालवती, सायब," वडील एवढंच बोलले. ताईनं त्यानंतर स्टेअरिंगला हात लावला नाही. वर्षभरानं कंपनीनं पाण्याचा पंप सदोष म्हणून त्या सगळ्या गाड्या परत बोलावल्या आणि पुढं इथली विक्रीच बंद केली. आता ती कंपनी परत आलीय. भरवशात पहिला नंबर, असं म्हणतात. परवा त्यांच्या विक्रेत्याचा फोन आला. मी म्हणालो, "गाडी सुधारली असंल. आधी माझ्या ताईला फोन करा आणि चूक तिची नव्हती, एवढं सांगा." त्यानं तिचा नंबर मागितला नाही.