जागा नाही, हे लिहून द्या

ओंदा गावच्या सरकारी शाळेत मेलिदा पेर्दोमोनं चोवीस वर्षं कारकुनी केली, आणि त्यातला बराचसा काळ कार्यालयाच्या खिडकीतून आयांना "जागा नाही" असं सांगण्यात गेला.

सगळ्याच आयांना नव्हे. ज्यांच्या पोराला बोलता यायचं नाही, जे चालताना झोके खायचं, जे घंटा वाजली की कान झाकून किंचाळायचं, त्यांच्याच आयांना. मुख्याध्यापक एवेलिओ बारागान यांनी तिला बजावून ठेवलं होतं की असली मुलं आपल्याला झेपत नाहीत, पण तसं म्हणायचं नाही. जागा नाही म्हणायचं, आणि तेही तोंडी. कायदा याच्या नेमकं उलटं सांगतो हे दोघांनाही माहीत होतं, म्हणून तर तोंडी. मेलिदाचा आवाज मधाळ. ती नकारही असा द्यायची, की आया जाताना तिचेच आभार मानायच्या. बारागान याचं चारचौघांत कौतुक करायचे, आणि तिलाही ते गोड लागायचं. पुढं हे सांगताना तिनं कधी आडपडदा ठेवला नाही.

त्या जानेवारीत माग्दालेना नदीत मासे झुंडीनं वर चढत होते, घाटावर कामाची गर्दी होती, आणि शाळेत प्रवेश चालू होते. अशा भर धावपळीत यामिले ओयोला काम टाकून खिडकीशी आली. ती घाटावर मासे साफ करायची. कोपरापर्यंत खवले तसेच चिकटलेले. शेजारी तिची आठ वर्षांची यिसेल भिंतीकडं तोंड करून उभी होती आणि माशांची नावं एका दमात पुटपुटत होती. बोकाचिको, निकुरो, कापास, पुन्हा बोकाचिको.

मेलिदानं नेहमीचं वाक्य नेहमीच्या गोडव्यानं म्हटलं.

"मग लिहून द्या," यामिले म्हणाली.

"असं लिहून द्यायची पद्धत नाही, पोरी."

"गेल्या वर्षी पण तुम्ही हेच सांगितलंत, मेलिदाबाई. दुसऱ्या शाळेत म्हणाले, आईनं दिवसभर वर्गाबाहेर बसायचं. मी तिथं बसले तर मासे कोण चिरणार? तुम्ही? लिहून द्या, मी जाते. नसेल द्यायचं तर इथंच थांबते. दिवसदिवस उभं राहायची सवय आहे मला."

आणि ती खरंच उभी राहिली. मागं रांग वाढत गेली, ऊन डोक्यावर आलं, पण रांगेतलं कुणी तिला सरक म्हणालं नाही. एकच्या सुमारास बारागान बाहेर आले. त्यांनी एका नजरेत सगळं ओळखलं आणि मेलिदाच्या खांद्याशी वाकून हळूच, लाडीगोडीनं म्हणाले, "मेलिदिता, तुमची ती जादू चालवा जरा."

जादू हा शब्द तिला थोबाडीत बसल्यासारखा लागला. "मला त्या पोरीची दया आली असं कुणी म्हणू नका," ती नंतर सांगायची. "मला राग आला. आधी त्यांचा, मग माझा स्वतःचा."

तिनं शाळेचा छापील कागद यंत्रात घातला आणि चार ओळी टंकल्या. यिसेल ओयोला, वय आठ, हिला दुसरीत प्रवेश नाकारला आहे. दुसरीत अकरा जागा रिकाम्या आहेत. अशी मुलं शाळेला झेपत नाहीत, असं मुख्याध्यापकांचं म्हणणं आहे. दुसरं कारण नाही. खाली सही केली, शिक्का मारला आणि कागद खिडकीतून पुढं सरकवला. बारागान तोवर जेवायला गेले होते.

नुसत्या कागदानं काही होणार नव्हतं, हेही तिला कळत होतं. संध्याकाळी ती आपणहून यामिलेच्या घरी गेली. आपला हक्क तुडवला गेला असं वाटलं, तर तिथल्या कायद्यानं कुणीही थेट न्यायाधीशाकडं तुतेला नावाचा अर्ज करू शकतं. वकील लागत नाही, फी लागत नाही, आणि दहा दिवसांत निकाल द्यावाच लागतो. यामिले मासे तळता तळता सांगत गेली, मेलिदा लिहीत गेली. "नम्र विनंती की," असं यामिलेनं सुरू केलं तसं मेलिदानं लेखणी थांबवली.

"विनंती खिडकीवर करतात," ती म्हणाली. "इथं आपण मागतोय."

नवव्या दिवशी निकाल आला. अठ्ठेचाळीस तासांत प्रवेश द्या, ती कशी शिकते ते पाहून तिच्यासाठी वेगळा आराखडा करा, मदतीला शिक्षक नेमा. बारागाननी प्रवेश दिला. मेलिदाला मात्र खिडकीवरून उठवलं आणि सामानाच्या खोलीत खडू-कागद वाटायला बसवलं.

त्या खोलीच्या दारातून ओसरी दिसायची, आणि पाचव्या दिवशी तिला तिथं यिसेलची खुर्ची दिसली. पाण्याच्या टाकीपाशी, एकटी. वर्गात गडबड करते, असं दुसरीच्या बाई म्हणाल्या. ना वही, ना आराखडा. मेलिदा कुणाशी भांडली नाही. सहा दिवस तिनं तारखा टिपल्या, खुर्ची किती वाजता बाहेर आली आणि किती वाजता आत गेली ते टिपलं, आणि यामिलेकडून दुसरा अर्ज करवला: आदेश मोडला. याला तिथं कैदेची शिक्षा आहे.

न्यायाधीशबाईंचं बोलावणं आलं तसे बारागान सामानाच्या खोलीत आले. बसायला जागा नव्हती, म्हणून दारातच उभे राहिले. एवढी वर्षं आपण एकत्र काम केलं, अर्ज मागं घ्यायला सांगा त्या बाईला, असं ते म्हणाले. मेलिदा खडूंची खोकी लावत राहिली.

"तुमच्यापायी मी तुरुंगात जाईन."

"माझ्यापायी नाही, सर. खुर्चीपायी. खुर्ची आत घ्या."

सुनावणीच्या आदल्या दिवशी खुर्ची आत गेली. मदतीची शिक्षिका आली, तीही आठवड्यातून तीनच दिवस. उरलेल्या दोन दिवसांसाठी यामिलेचं भांडण वर्षभर चालू राहिलं. नोव्हेंबरात यिसेल निकुरो आणि बोकाचिको लिहायला शिकली. घंटा वाजली की ती अजून कान झाकायची, आणि तिच्या शेजारी बसणारी मुलगीही हसत हसत झाकायची.

मेलिदामागं चौकशी लागली. शाळेचा कागद परवानगीशिवाय वापरला, असा आरोप. बहीण आंपारो म्हणाली, निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत, माफी माग आणि मोकळी हो. इबागे शहरात तीन अधिकाऱ्यांपुढं तिला उभं केलं, तेव्हा तिनं त्यांना तो मजकूर मोठ्यानं वाचायला लावला.

"यातला कुठला शब्द खोटा आहे, तेवढा दाखवा," ती म्हणाली. "त्या शब्दाची माफी मागते."

कागद तिघांच्या हातून फिरला. शब्द काही सापडला नाही, बदली सापडली. डोंगरावरच्या एका खोलीच्या शाळेत, जीपनं तासाभराच्या वाटेवर. तिला गप्प करायला हे पुरेसं आहे असं कुणाला वाटलं असेल, तर त्याला ओंदाच्या आया माहीत नव्हत्या. यामिलेनं घाटावर सांगितलं, घाटावरून बाजारात गेलं, आणि शनिवारच्या जीपमधून बायका पोरांना मांडीवर घेऊन वर येऊ लागल्या. मेलिदा सगळ्यांना आधी एकच विचारायची: लेखी मागितलंत का?

पण ज्या आल्या नाहीत, त्या तिला जास्त टोचायच्या. तिला तोंडं आठवत होती. एका रविवारी ती नदीपलीकडच्या वस्तीत फेर्मीन गवंड्याच्या दारी गेली. त्याचा मुलगा सहा वर्षांचा असताना तिनं त्याला गोड बोलून परत पाठवलं होतं. आता तो चौदाचा होता. अंगणात विटा रचत बसला होता, शाळेची पायरी कधीच न चढलेला. फेर्मीननं तिला ओळखलं.

"कुठल्या तोंडानं आलात?"

"ज्या तोंडानं नाही म्हटलं, त्याच," मेलिदा म्हणाली. "दुसरं नाही माझ्याकडं. अर्जाला जोडायला त्याच्या जन्मदाखल्याची नक्कल आहे का तुमच्याकडं?"

त्यानं दार लावून घेतलं. ती उन्हात थांबली. आतून भांडणाचा आवाज आला, आधी त्याचा, मग त्याच्या बायकोचा, आणि बायकोचा चढत गेला. बऱ्याच वेळानं दार किलकिलं झालं. बायकोनं घडी पडून फाटायला आलेला दाखला बाहेर धरला. माफ केलं असं ती म्हणाली नाही, मेलिदानं विचारलंही नाही. तिनं पिशवीतून कोरे कागद काढले, विटांच्या ढिगावर ठेवले आणि मुलाला त्याचं पूर्ण नाव विचारलं.